डोक्यात धुकं असणाऱ्यांची भिशी

डोकं चालत नाही असं सांगितलं की समोरचा हसून म्हणतो, ‘आमचं तरी कुठं चालतंय!’ बोलणं तिथंच संपतं. ज्याला खरंच त्रास आहे त्याला पुढचं सांगायला शब्द सापडत नाहीत, आणि शब्द न सापडणं हाच तर त्याचा त्रास असतो. ओटीपी वाचून टाईप करेपर्यंत निम्मा विसरतो. गॅस चालू राहतो. रोजच्या रस्त्यावर गाडी कुठं वळवायची ते क्षणभर कळत नाही. दोन माणसं एकदम बोलली की दोघांचंही डोक्यात शिरत नाही. डॉक्टर याला ब्रेन फॉग म्हणतात, घरात ‘डोकं बधिर झालंय’ म्हणतात. हा स्वतंत्र आजार नाही, लक्षणांचा गठ्ठा आहे. थायरॉइड, ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार), फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखत राहण्याचा आजार), मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार), मायग्रेन, कोविडनंतर रेंगाळलेला त्रास, केमोथेरपी, पाळी जायच्या आसपासची वर्षं, अशा कितीतरी वाटांनी माणूस इथं येऊन पोचतो.

अशा माणसाला अशाच माणसांची सोबत लागते हे बहुतेकांना पटतं. अडतं ते नंतर. गट म्हटला की आपल्याकडं डोळ्यांसमोर येतं ते असं: व्हॉट्सॲपवर शंभर जण, सकाळी फुलांचे फोटो, महिन्यातून एकदा तीन तासांची सभा, प्रास्ताविक, सत्कार, आभार, फराळ. हे सगळं निभवायला ताजं डोकं लागतं. थकलेल्या डोक्यांचा गट चालवायला ताजं डोकं लागत असेल, तर तो गट दुसऱ्या महिन्यात बंद पडणार हे सांगायला ज्योतिषी नको.

त्यापेक्षा भिशीचा नमुना बरा. भिशीत माणसं मोजकी, तारीख ठरलेली, काम ठरलेलं. एखादी ताई येऊ शकली नाही तरी तिचा नंबर जात नाही. इथंही तेच हवं. फक्त पैशांऐवजी आपण एकमेकांकडं थोडं थोडं डोकं ठेवायला देतो: तारखा, औषधांची नावं, डॉक्टर काय म्हणाले ते, मागच्या वेळी आपण कशानं आडवे झालो होतो ते.

गटाच्या आधी रक्ताची चिठ्ठी

सोबत मिळाली म्हणून तपासण्या टाळायच्या नाहीत. धुक्याची काही कारणं साधी आणि उपचारानं सुधारणारी असतात, आणि तीच वर्षानुवर्षं ‘टेन्शन घेऊ नका’ या वाक्याखाली दबून राहतात. डॉक्टरांशी बोलताना सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइड), बी१२, फेरिटिन, व्हिटॅमिन डी, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिव्हर आणि किडनी, एवढ्यांचा विषय काढावा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तळाला गेलेला असू शकतो. बी१२ शाकाहारी घरांत कमी सापडतं. शिवाय वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांतही ते कमी सापडतं. बी१२ न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांची हानी मात्र आत चालू राहू शकते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. त्या दोन दिवस आधी बंद ठेवायच्या का, हे रक्त देण्याआधी विचारावं.

थायरॉइडची गोळी चालू असूनही डोकं जड असेल तर आधी ती कशी घेतली जाते ते बघा. उपाशी पोटी, पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. ती आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी यांत चार तासांचं अंतर. आपल्याकडं उठल्याउठल्या चहाचा कप हातात येतो आणि गोळी त्याच कपाबरोबर पोटात जाते. मग ती नीट शोषली जात नाही आणि डोस वाढत राहतो.

दुसरा संशयित म्हणजे औषधंच. सर्दी-खाजेच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, आणि नसांच्या दुखण्यावर, मायग्रेनवर किंवा तीव्र वेदनेवर दिली जाणारी ॲमिट्रिप्टिलिन, प्रिगाबालिन, गाबापेंटिन, टोपिरामेट, ट्रॅमाडॉल. यातली कोणतीही आपली आपण बंद करायची नाही, काही अचानक सोडली तर फिट येऊ शकते. पण ‘हे सुरू झाल्यापासून डोकं जड आहे’ हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर घातलंच पाहिजे. घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर झोपेची तपासणीही.

आणि एक गोष्ट धुकं नव्हे. अचानक, मिनिटांत बोबडी वळली, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, माणूस घरच्यांना ओळखेना, तर गटात मेसेज टाकत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं मोठं रुग्णालय गाठायचं.

कोणाला घ्यायचं

पुण्या-मुंबईत एका आजाराचा एक गट निघू शकतो. पार्किन्सन्ससाठी पुण्यात मित्रमंडळ उभं राहिलेलंच आहे. कोल्हापुरात मल्टिपल स्क्लेरोसिसची, चालता-बोलता येणारी, गुरुवारी मोकळी असणारी सहा माणसं शोधायला वर्ष जाईल. म्हणून इथं आजारावर नव्हे, लक्षणावर गट बांधावा. थायरॉइडच्या मावशी आणि ल्युपसची कॉलेजातली मुलगी, दोघींनाही शब्द सापडत नाहीत. तेवढं नातं पुरतं.

पण मिसळ करताना एक भिंत ठेवावीच लागते, आणि तिच्याकडं दुर्लक्ष केलेलं सगळ्यात महागात पडतं. काहींना हळूहळू व्यायाम वाढवला की बरं वाटतं: मधुमेह, नैराश्य, फायब्रोमायल्जियाचे बरेच जण. काहींना तोच व्यायाम पाडतो. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, म्हणजे जुनाट थकव्याचा जो आजार एमई या नावानं ओळखतात, त्यात आणि कोविडनंतरच्या काही रुग्णांत श्रमानंतर त्रास उसळतो. श्रम म्हणजे चालणंच नव्हे. लग्नाला जाऊन चार तास बोलणं किंवा बँकेत फॉर्म भरणं हेही श्रमच. आणि तो उसळतो लगेच नाही, बहुतेकदा १२ ते ४८ तासांनी. त्यामुळं कशानं झालं ते माणसाला स्वतःलाच जुळवता येत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम सुचवणाऱ्या नाईस संस्थेनं २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत या आजारासाठी ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये असं म्हटलं, ते याच कारणानं.

कोल्हापूर हे तालमींचं गाव. जोर-बैठका मारून सगळं सुटतं यावर इथं पेठापेठांत श्रद्धा आहे. ‘उठ, रंकाळ्याला दोन चकरा मार, काय हुतंय?’ हे प्रेमानंच म्हटलेलं असतं. म्हणून गटात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारायचा: जास्त झालं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आडवं व्हावं लागतं का? ‘हो’ म्हणणाऱ्याला व्यायामाचा सल्ला कुणीच द्यायचा नाही. मिठाचंही तसंच. उभं राहिल्यावर ठोके वाढतात, चक्कर येते अशा एखाद्याला डॉक्टरांनी मीठ वाढवायला सांगितलेलं असतं आणि त्याच्या शेजारी बसलेल्या बीपीच्या काकांना कमी करायला. एकाचा तोडगा दुसऱ्याचं दुखणं होऊ शकतो, हे मिश्र गटात सतत ध्यानात ठेवावं लागतं.

सहा माणसं पुरेत. आठाच्या वर गेलं की कोण कुणाला काय म्हणालं ते धुक्यातल्या माणसाला धरून ठेवता येत नाही. चाराच्या खाली आलं की एक जण आजारी पडला की बैठक मोडते.

माणसं कशी मिळतील? डॉक्टर रुग्णाचा नंबर देणार नाहीत आणि देऊही नये. त्यांच्याकडं आपल्या चिठ्ठ्या ठेवायच्या, ज्याला हवं तो फोन करील. मेंदूविकारतज्ज्ञ, संधिवाताचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि रोजच्या ओळखीचं मेडिकल दुकान, अशा ठिकाणी दहा-दहा. डॉक्टरांपेक्षा बाहेर नंबर लावणारी सिस्टर किंवा कंपाउंडर जास्त उपयोगी पडतात, कारण रुग्ण थांबून थांबून त्यांच्याशीच बोललेला असतो. चिठ्ठीवर मजकूर इतकाच:

‘डोकं जड, विसरायला होतं, आजार जुना आहे, अशा सहा जणांची बैठक. गुरुवारी ११ ते ११.४५. तळमजला, पाठ टेकायची खुर्ची. फी नाही, औषध नाही, विक्री नाही. या नंबरवर फक्त “गुरुवार” असा मेसेज टाका, आम्ही फोन करू.’

शेवटची ओळ काढू नका. अनोळखी माणसाला फोन करून आपला आजार सांगणं हे धुक्यातल्या माणसाला डोंगराएवढं काम असतं. एक शब्द मात्र टाईप होतो. नंबर घरचा नको, वेगळं सिम घ्या. आणि चिठ्ठीवर कुठल्याही आजाराचं नाव घालू नका.

नावाचा मुद्दा थोडा वाढवून सांगायला हवा. मोबाईल घरात टेबलावर पडलेला असतो, स्क्रीनवर गटाचं नाव झळकतं. सासूबाई, भाडेकरू, मुलगी बघायला आलेले पाहुणे, कुणीही वाचतं. ‘ल्युपस मदत गट’ असं नाव दिसलं की एखाद्या मुलीचं जुळत आलेलं मोडू शकतं. हे चूक आहे, पण आहे. म्हणून गटाचं नाव ‘गुरुवार कट्टा’ असलं काहीतरी साधं असावं. व्हॉट्सॲप गटात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, हेही नव्या माणसाला आत घेण्याआधी सांगायचं.

जागा आणि पंचेचाळीस मिनिटं

संध्याकाळचा रंकाळा सुंदर असतो, पण बैठकीला नाही. भेळेच्या गाड्या, पोरांचे आवाज, गाड्यांचे दिवे. ज्याला दोन आवाज एकदम झेपत नाहीत त्याचं तिथं दहा मिनिटांत डोकं फुटायला येतं. मिसळीच्या हॉटेलात तर विचारूच नका. हवं ते असं: तळमजला, पाठ असलेली खुर्ची, जवळ संडास, दारापर्यंत रिक्षा, पंख्याचा खडखडाट नाही, लुकलुकणारी ट्यूब नाही, अगरबत्ती नाही. मायग्रेनवाल्याला अत्तराचा वासही पुरतो. कुणाच्या घरचा हॉल चालतो, पण घर फिरतं ठेवू नका. दर वेळी नवा पत्ता म्हणजे दर वेळी नवं कोडं. वाचनालयाची किंवा सोसायटीची खोली सकाळी बहुधा रिकामी असते. थंडीत टाऊन हॉलच्या बागेतला बाकही चालतो. सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी आलेल्यांना तो जवळ पडतो. मार्च उजाडला की मात्र आत या. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये अंग तापलं की लक्षणं वाढतात.

सकाळी अकरा ही वेळ चांगली. सकाळी उठून अंग मोकळं व्हायला संधिवातवाल्यांना तास-दीड तास लागतो, आणि दुपारी जेवल्यावर सगळ्यांचंच डोकं बसतं. शुक्रवार टाळा, अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी महाद्वार रोडकडं वाढते. नवरात्रात आणि गणपतीत बैठक फोनवर घ्या, त्या दिवसांत डॉल्बीपुढं कुठलाच नियम टिकत नाही. इचलकरंजी-कागलहून येणाऱ्यांना बसचा प्रवासच बैठकीपेक्षा जास्त थकवतो. त्यांना महिन्याआड प्रत्यक्ष आणि एरवी फोनवर घेणं न्यायाचं.

पंचेचाळीस मिनिटांचा हिशोब असा. पहिली ५ मिनिटं काहीच नाही, नुसतं टेकायचं, पाणी प्यायचं. मग सहा जणांना चार-चार मिनिटं, म्हणजे २४. मग १० मिनिटं एकाच प्रश्नावर, जो आदल्या गुरुवारी ठरलेला असतो. शेवटची ६ मिनिटं लिहायला: पुढची तारीख, पुढचा प्रश्न, कुणी कुणाला फोन करायचा. अर्ध्या पानाच्या वर लिहायचं नाही. त्याचा फोटो गटात. आठवणीवर काहीही सोडायचं नाही, हा गटाचा पाया आहे.

चार मिनिटं पाळणं सगळ्यात अवघड. वयानं मोठे काका बोलत असले की सुनेच्या वयाची बाई त्यांना ‘पुरे’ म्हणू शकत नाही, आणि म्हणूही नये. ते काम मोबाईलच्या गजराला द्या. गजर सगळ्यांनाच सारखा, त्याचा राग कुणी धरत नाही. ज्याला बोलायचं नाही त्यानं ‘पुढं’ म्हणायचं, कारण द्यायचं नाही. कागदावरून वाचून दाखवलं तरी चालतं. उलट नव्या माणसाला तसंच सुचवा.

बोलता बोलता धागा तुटला तर काय करायचं, हे आधी ठरवून ठेवा. एरवी लोक दोन चुका करतात: एक तर कसनुसं हसतात, नाहीतर घाईघाईनं आपला शब्द समोरच्याच्या तोंडात कोंबतात. शब्द चुकीचा पडला की माणूस तो नाकारण्यात उरलंसुरलं बळ घालवतो. त्यापेक्षा शेजाऱ्यानं त्याचं शेवटचं वाक्य त्याला परत द्यावं: ‘तुम्ही सांगत होता, रिपोर्ट घेऊन गेलात...’ आणि थांबावं. दहा सेकंद. शब्द हवा असेल तर तो माणूस हात पुढं करील, मग द्यावा.

फराळ नको. हे वाचून काहींना वाईट वाटेल, कारण कोल्हापुरात पाहुण्याला रिकाम्या तोंडी पाठवणं पाप. पण एकीनं पोहे आणले की दुसरी अप्पे आणते, तिसरी येणंच बंद करते कारण तिला काही करता आलं नाही. आणि करते ती बाईच. पाणी प्रत्येकानं आपलं आणावं, जागेच्या मालकानंही चहा टाकू नये.

चालक दोन हवेत, एक नको. एकटा चालक आजारी पडला की गटच आजारी पडतो, आणि इथं चालकही रुग्णच असतो. सकाळी नऊपर्यंत तिघांचं ‘येतो’ आलं नाही तर बैठक आपोआप फोनवर, पंधरा मिनिटांची. न येणाऱ्याला ‘का आला नाहीस?’ विचारायचं नाही. पुढच्या वेळी त्याची खुर्ची तिथंच असते.

आणि बैठकीनंतर तिसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारी, सगळ्यांना एकच प्रश्न: गुरुवारचा त्रास झाला का? मघाशी सांगितलेली उसळी तेव्हाच कळते. दोघांनी ‘हो’ म्हटलं तर पुढची बैठक तीस मिनिटांची. माणसं येतात, छान वाटलं म्हणतात आणि दोन महिन्यांनी गळतात, त्यातल्या कितींना आपल्या बैठकीनंच झोपवलं हे कुणी तपासत नाही.

फोनवर

व्हॉट्सॲपवर गट दोन करा. पहिल्यात फक्त चालकांना लिहिता येईल अशी सेटिंग. त्यात तारीख, जागा, अर्ध्या पानाचा फोटो, बस्स. दुसऱ्यात बोलणं. गोंधळलेल्या दिवशी माणसानं फक्त पहिला उघडावा, त्याचं काही चुकत नाही. पत्त्याचा मेसेज पिन करून ठेवा. पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो, मग गळून पडतो, तेव्हा दर चार आठवड्यांनी, गुरुवारी, तो पुन्हा लावणं हे एका चालकाचं ठरलेलं काम.

आवाजी मेसेज एका मिनिटाच्या आत, आणि वर एक ओळ लिहिलेली: कशाबद्दल आहे. चार मिनिटांचा आवाजी मेसेज ऐकताना सुरुवात विसरते. टाईप करणं जड जात असेल तर कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोला, अक्षरं उमटतात. रात्री नऊ ते सकाळी सात गट बंद.

उत्तर देण्याआधी एक सवय लावून घ्या: काय हवंय ते विचारणं. ‘ऐकू, की अनुभव सांगू, की काम सांगताय?’ नुसतं ऐकून हवं असलेल्याला सतरा काढ्यांच्या कृती मिळाल्या की तो पुन्हा लिहीत नाही. औषधाचा डोस कुणीही कुणाला सांगायचा नाही. ‘मला हे चाललं’ इथपर्यंत ठीक, ‘तू पण घे’ इथं थांबवायचं.

गट बिघडतात ते ठरावीक वाटांनी. एक, दुखण्याची कुस्ती: ‘तुझं काहीच नाही, माझं ऐक.’ दोन, बऱ्या झालेल्याचं कीर्तन. ज्याला गुण आला त्याचा आनंद खराच असतो, पण त्याच्या पथ्याची सक्ती सहा जणांवर होते. तीन, पावडरवाला. शरीरातली विषं काढणारी, पेशी दुरुस्त करणारी, तीन हजारांची डबी घेऊन कुणीतरी येतंच, बहुधा एखाद्याच्या मेहुण्याच्या ओळखीनं. भिडेपोटी एक डबी घेतली की दुसरी येते. चिठ्ठीवर ‘विक्री नाही’ लिहिलंय ते याचसाठी. पहिल्याच मेसेजला चालकानं त्याला गटातून काढावं, चर्चा करू नये. चौथी वाट हळू असते आणि लवकर दिसत नाही: एकच माणूस सगळ्यांचं ऐकतो, सगळ्यांना फोन करतो, आणि त्याला कुणी करत नाही. बहुतेकदा ती त्यातली सगळ्यात शहाणी ताई असते. तिला सांगून उपयोग होत नाही, फोनची पाळीच लावावी लागते.

जोडी आणि नदीची पातळी

बैठकीपेक्षा जास्त काम जोडी करते. सहा जणांच्या तीन जोड्या, दर तीन महिन्यांनी बदलायच्या. जोडीदाराचं काम दिवसातून एक मेसेज बघणं, एवढंच. पण ‘कशी आहेस?’ याला उत्तर देणं हेच अवघड असतं. बरं लिहावं तर खोटं, वाईट लिहावं तर पुढं दहा प्रश्न. म्हणून आकडा.

कोल्हापूरकराला आकड्यांची खूण शिकवावी लागत नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फूट झाली की इशारा आणि ४३ झाली की धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. तीच पट्टी घ्या. २५ म्हणजे नेहमीसारखं. ३९ म्हणजे आज फोन करू नका, फक्त मेसेज. ४३ म्हणजे जोडीदारानं फोन करायचा, आणि उचलला नाही तर घरच्या ठरलेल्या माणसाला कळवायचं. मधले आकडे ज्यानं त्यानं आपल्या अंदाजानं. जुलैत ‘माझं’ हा शब्द पुढं लावा, नाहीतर ‘४१’ आलं की नदीचं की माणसाचं यावरून धावपळ उडते.

घरच्या ठरलेल्या माणसाचा नंबर जोडी ठरवतानाच लिहून घ्यायचा, वेळ आल्यावर नाही. कुणी जगावंसं वाटत नाही असं लिहिलं तर गोल गोल बोलू नये, सरळ विचारावं: ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ विचारल्यानं विचार पेरला जात नाही. फोन चालू ठेवावा, घरच्याला कळवावं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर लावावा, तिथं मराठीतही बोलता येतं. त्या वेळी सहा जणांच्या गटात तो मेसेज पुढं ढकलायचा नाही.

जोडीचा दुसरा उपयोग डॉक्टरांकडं. दोघांनी मिळून आदल्या दिवशी एक पान करायचं: वर औषधं डोससकट, खाली तीनच गोष्टी. ‘थकवा येतो’ असं नको, थकवा सगळ्यांनाच येतो. ‘अंघोळीनंतर वीस मिनिटं आडवं व्हावं लागतं, मार्चपर्यंत लागत नव्हतं’ असं. ‘विसरते’ असं नको. ‘आठवड्यात दोनदा कुकर लावून विसरले, एकदा गोळी दोनदा घेतली’ असं. आत गेल्यावर रुग्णानं बोलायचं, जोडीदारानं लिहायचं, आणि उठण्याआधी तीन प्रश्न जोडीदारानं विचारायचे: हे किती दिवस घ्यायचं, काय झालं तर लगेच थांबवून कळवायचं, पुन्हा कधी यायचं. आत नवरा किंवा मुलगा असला तर तोच सगळं बोलतो आणि रुग्ण मान हलवतो. जोडीदार तसं करत नाही, कारण त्याच्यावरही कुणीतरी असंच बोललेलं असतं.

उभं राहिल्यावर धुकं दाटत असेल तर घरच्या बीपी मशिनवर एक नोंद जोडीनं करता येते. दहा मिनिटं आडवं पडून बीपी आणि ठोके लिहायचे, मग भिंतीजवळ उभं राहून दहा मिनिटं, दर दोन मिनिटांनी पुन्हा. बीपी फारसं न पडता ठोके मिनिटाला ३० किंवा जास्त वाढून तसेच राहिले, तर तो कागद डॉक्टरांना दाखवण्याजोगा आहे. दुसरं माणूस शेजारी असल्याशिवाय हे करू नका, पडायला होतं. चक्कर आली की लगेच बसवा.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज हेही जोडीनं करण्याचं काम. २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स आणि मेंदू-नसांचे दीर्घ आजार त्यात आहेत. फायब्रोमायल्जिया किंवा कोविडनंतरचा त्रास नावानिशी नाही. बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. अर्ज ऑनलाईन, त्यात ओटीपी, फोटो, सही, आधार. धुक्यात हे एका बैठकीत होत नाही. तीन दिवसांत वाटून घ्या: पहिल्या दिवशी फक्त कागद गोळा, दुसऱ्या दिवशी स्कॅन, तिसऱ्या दिवशी भरणं.

पावसाळ्यासाठी एक वेगळं पान हवंच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक थांबली. माल येणं थांबलं की मेडिकल दुकानात आधी संपतात ती कमी खपाची औषधं, आणि जुन्या आजारांची औषधं नेमकी तीच असतात. जूनच्या पहिल्या गुरुवारी सगळ्यांनी पंधरा दिवसांचं जादा औषध घरात आहे का ते बघायचं, प्रिस्क्रिप्शनचा फोटो जोडीदाराच्या फोनमध्ये ठेवायचा, इन्सुलिन किंवा इंजेक्शन फ्रिजमध्ये असेल तर वीज गेल्यावर कुणाच्या इन्व्हर्टरवाल्या घरी न्यायचं ते लिहून ठेवायचं. स्टेरॉईड किंवा फिटच्या गोळ्या घेणाऱ्यांचा साठा सगळ्यात आधी बघा, त्या एक दिवसही चुकवून चालत नाहीत. नदी ३९ वर आली की नदीकाठच्या गल्लीतला सदस्य त्याच दिवशी उंचावरच्या जोडीदाराकडं औषधांची पिशवी पाठवतो. ४३ ची वाट बघायची नाही.